गाण्याच्या दोन ओळी पुस्तकात घ्यायच्या तर परवानगी लागते का?

निळी शाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझी पहिली कादंबरी छपाईला जायच्या बेतात आहे. दोन मुद्रितं तपासून झाली, मुखपृष्ठ ठरलं, अर्पणपत्रिकेवरून घरात रुसवेफुगवेही होऊन गेले. आणि परवा प्रकाशकांची मेल आली : पान १३४ वरच्या गाण्याच्या ओळींचं परवानगीपत्र कुठे आहे? ते आल्याशिवाय पुस्तक छपाईला सोडणार नाही.

ओळी दोनच आहेत. आई कपाट आवरताना गुणगुणतेय, मुलगी दारात उभी राहून ऐकतेय. पहिली ओळ नीट होते. दुसरी अर्ध्यावर थांबते, आई पुन्हा पहिलीपासून सुरू करते, पुन्हा तिथेच अडते. असं तीनदा. आईची स्मृती जायला लागलीय हे मुलीला तिथे कळतं. पुढची सव्वाशे पानं त्या अडण्यावर उभी आहेत. म्हणून ते गाणं सगळ्यांना पाठ असलेलंच हवं, वाचणाऱ्याच्या तोंडात पुढचा शब्द यायला हवा आणि आईच्या तोंडात येऊ नये.

मूळ कविता आहे, नंतर तिला चाल लागली. कवी जाऊन चाळीसेक वर्षं झाली. नाव मुद्दाम देत नाही. माझा आजवरचा समज असा की चार ओळींपर्यंत चालतं आणि खाली कवीचं नाव दिलं की काम झालं. हे खरं आहे का? कुणी अशी परवानगी काढली आहे का?

उगाच
पान १३४ फाडून टाका. प्रश्न मिटला. (दिवा घ्या)

वाचनवेडी
अहो, दोन ओळींसाठी कोण कोर्टात जातंय? कथा-कादंबऱ्यांतून गाण्यांच्या ओळी आपण लहानपणापासून वाचतोय. कवीचं नाव द्या, ऋणनिर्देशात आभार माना, बिनधास्त छापा. प्रकाशक जरा जास्तच घाबरट दिसतायत.

अर्धविराम
चार ओळींचं मीही ऐकलंय. आमच्या संपादकबाई आठ शब्द म्हणायच्या. व्हिडिओवाले मित्र तीस सेकंद म्हणतात, प्राध्यापक मंडळी दहा टक्के. नक्की कुणाचं खरं?

काळा कोट
कुणाचंच नाही.

चार ओळी, आठ शब्द, तीस सेकंद, दहा टक्के हे आकडे तोंडोतोंडी फिरतात, सरसकट सूट देणारी अशी मोजपट्टी कायद्यात नाही. अमेरिकेचं कॉपीराइट ऑफिससुद्धा स्पष्ट सांगतं की अमुक शब्द किंवा ओळी विनापरवाना घेता येतात असा काही नियम नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यात एका गाण्याचे तीन तुकडे पडतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरीच चीज. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द चक्क वगळलेले आहेत. निळी शाई, तुम्ही फक्त शब्द छापताय, तेव्हा संगीतकार आणि गायिका तुमच्या वाटेत येत नाहीत. शब्दांचा मालक शोधा.

आता अपवाद. कलम ५२ मध्ये मोठी यादी आहे. पहिल्याच खंडात 'उचित व्यवहार' येतो, पण कशासाठी? खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. त्याच कवितेवर तुम्ही समीक्षालेख लिहिला असता तर ओळी देऊन चर्चा करायला बरीच मोकळीक होती. कादंबरीतली आई कपाट आवरताना समीक्षा करत नाही, ही अडचण आहे.

नाव देण्याबद्दल : नाव न देणं हा एक दोष, परवानगी न घेणं हा वेगळा. नाव देऊन पहिला जातो, दुसरा राहतो. शेजाऱ्याची सायकल विचारल्याशिवाय नेली आणि त्यावर 'सायकल शेजाऱ्यांच्या सौजन्याने' अशी पाटी लावली तर शेजारी काय म्हणेल?

उगाच
शेजारी म्हणेल, घंटीपण तुमचीच का?

वाचनवेडी
@काळा कोट, सायकल नेली तर शेजाऱ्याला चालत जावं लागतं. ओळ घेतली तर कवीकडची ओळ कमी होते का? उलट चार नवे लोक गाणं शोधून ऐकतात.

काळा कोट
वाचनवेडी, युक्तिवाद चांगला आहे आणि मुळीच नवा नाही. अमेरिकेत तो चालण्याची थोडी शक्यता असते. तिकडच्या १९७६ च्या कायद्यात कलम १०७ खाली चार कसोट्या आहेत : वापर कशासाठी, मूळ कृती कोणत्या प्रकारची, किती घेतलं आणि मूळ कृतीच्या बाजारावर परिणाम काय. हेतूंची बंद यादी नाही, न्यायाधीश तोलून बघतो.

पण तोलणं म्हणजे काय ते बघा. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या आत्मकथनाचं प्रकरण आलं. एका साप्ताहिकाने प्रकाशनाआधीच त्यातले सुमारे ३०० शब्द उचलले होते. जाडजूड पुस्तकातले फक्त ३०० शब्द. तरी साप्ताहिक हरलं, कारण पुस्तकाचा गाभाच उचलला गेला होता. आता बारा ओळींच्या गाण्यातल्या दोन ओळी, त्याही ध्रुवपदाच्या, हा किती टक्के गाभा झाला सांगा. गाण्यांचं हेच दुखणं आहे. मुळात ऐवज एवढासा, त्यातलं थोडं घेतलं तरी बरंच घेतलेलं असतं.

ब्रिटनने २०१४ मध्ये अवतरणासाठी वेगळा अपवाद केला. प्रसिद्ध झालेल्या कृतीतून गरजेपुरतंच घ्या, श्रेय द्या आणि वापर उचित असू द्या. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातही अवतरणाची तरतूद आहे. आपल्या कायद्यात निव्वळ अवतरणासाठी असं वेगळं दार नाही.

मुद्रितशोधक
वाचनवेडी म्हणतात 'कोण कोर्टात जातंय'. कोर्टात कुणीच गेलं नव्हतं, तरी आमचं काय झालं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका कथासंग्रहाचं काम केलं. एका कथेच्या शेवटी गाण्याचं अख्खं कडवं होतं. मी समासात पेन्सिलीने 'परवानगी?' असं लिहिलं, लेखकांनी त्यापुढे 'आहे' असं लिहिलं. पुस्तक छापून, बांधून आलं. प्रकाशनाच्या आठ दिवस आधी कळलं की 'आहे' म्हणजे कवीच्या पुतण्याशी एका लग्नात बोलणं झालं होतं. हक्क मुळात पुतण्याकडे नव्हतेच, मुलीकडे होते. त्या बाईंनी शांतपणे नाही म्हटलं.

मग आम्ही चौघं गठ्ठे सोडून बसलो आणि प्रत्येक प्रतीत त्या कडव्यावर पांढरी पट्टी चिकटवली. पहिल्या दिवशी कळलं की कागद पातळ आहे, उजेडात धरलं की खालचं कडवं दिसतं. मग दुपदरी पट्टी. बंद पुस्तक बाजूने बघितलं तर त्या जागी बारीक फट दिसायची, आणि हातात घेतल्यावर ते नेमकं तिथेच उघडायचं. लपवायचं ते पान आधी दिसायचं.

निळी शाई, तुमचे प्रकाशक छपाईच्या आधी विचारतायत. त्यांना घाबरट म्हणू नका.

निळी शाई
@मुद्रितशोधक, वाचून अंगावर काटा आला. आणि समासात पेन्सिलीने 'आहे' लिहिणाऱ्यांतली मीही झाले असते, हेही कबूल करते.

ध्रुवपद
एरवी इथे लिहीत नाही, पण सायकलवरून वाद चाललाय आणि सायकल माझ्यासारख्याची आहे. मी गीतं लिहितो. फार नाव झालेलं नाही, दोन-तीन गाणी लोकांच्या तोंडी आहेत.

त्यातल्या एकाच्या दोन ओळी मला एकदा एका शुभेच्छापत्रावर दिसल्या. छान सुलेखन, खाली फुलं, नाव नाही. विकत घेतलं. घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर आलं की 'आम्हाला या ओळी पारंपरिक वाटल्या'. पहिल्यांदा रागावलो, मग जरा सुखावलो, मग पुन्हा रागावलो. लिहिणारा जिवंत असताना त्याचं पारंपरिक होऊन जाणं हा मान की अपमान, अजून ठरलेलं नाही.

माझ्याकडे कादंबरीसाठी ओळी मागणारी चार पत्रं आजवर आली. चौघांनाही हो म्हटलं, पैसे एकाकडूनही घेतले नाहीत. मात्र चौघांनी प्रसंग पाठवला होता, मी वाचून हो म्हटलं. पाचव्या कुणी विचारायला आलं आणि ओळ एखाद्या किळसवाण्या प्रसंगाला जोडलेली असली तर नाही म्हणायचा अधिकार मला हवा आहे. माझ्यासाठी प्रश्न पैशांचा कमी आणि विचारण्याचा जास्त आहे.

वाचनवेडी
ध्रुवपद, शुभेच्छापत्राबद्दल वाईट वाटलं. माझा मुद्दा थोडा मागे घेते. पूर्ण नाही हं.

खोडरबर
पैशांचं म्हणाल तर तिकडे ब्लेक मॉरिसन या ब्रिटिश लेखकाने आपल्या कादंबरीतल्या गाण्यांच्या ओळींचं बिल २०१० मध्ये 'गार्डियन'मध्ये जाहीरच केलं होतं. एका ओळीला ५०० पौंड, दुसऱ्या गाण्याच्या एका ओळीला ५३५, तिसऱ्याच्या एका ओळीला ७३५, आणखी एका गाण्याच्या दोन ओळींना १०००. सगळे मिळून ४४०० पौंडांच्या वर गेले. त्यानंतर त्याने काय सल्ला दिला असेल ते सांगायला नकोच.

अर्धविराम
ओळीला ७३५ पौंड! आणि आम्ही इथे कवितेला मानधन म्हणून एक अंक भेट घेतो.

उगाच
मला वाटतं मी गद्यात आयुष्य वाया घालवलं.

पानपूरक
मालकाचा शोध हा खरा वैताग आहे. मी एका पाठ्येतर पुस्तकासाठी परवानग्या काढायचं काम केलंय, कुणाला उपयोग झाला तर सांगतो.

चित्रपटासाठीच लिहिलेलं गीत असेल तर बहुतेकदा हक्क निर्माता किंवा संगीत कंपनीकडे करारानं गेलेले असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. पण वाटा मिळणं वेगळं आणि परवानगी देण्याचा हक्क असणं वेगळं. छापण्याची परवानगी ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्याकडूनच घ्यावी लागते.

आधी कविता होती आणि मागाहून गाणं झालं, असं असेल (निळी शाई, तुमचं तसंच आहे ना?) तर कॅसेट-सीडीचं वेष्टन बघत बसू नका. कवितासंग्रह काढा, ताजी आवृत्ती. श्रेयपानावर © च्या पुढे कुणाचं नाव आहे ते बघा. बहुतेकदा वारसाचं असतं. प्रकाशकाला लिहिलं की ते पत्र पुढे पाठवतात.

पत्रात नेमकं लिहायचं : कोणत्या ओळी (जशाच्या तशा), कुठल्या प्रसंगात (ते पान जोडा), भाषा, पहिली आवृत्ती किती प्रतींची, पुढच्या आवृत्त्या, ई-बुक, ऑडिओबुक. शेवटचे दोन लोक हमखास विसरतात. ऑडिओबुकमध्ये वाचणारीने ओळ नुसती वाचली तर एक गोष्ट, चालीवर म्हटली तर संगीतकाराचेही पाय धरायला हवेत.

निळी शाई
कविता आधी, गाणं नंतर, बरोबर. संग्रह घरातच आहे. तो उघडून बघायचं सुचलं नव्हतं, कारण गाणं मला पाठ आहे! आज बघते. ऑडिओबुकचं खरंच डोक्यात नव्हतं.

चौथा प्रयत्न
मधेच घुसतो. वारस सापडलाच नाही तर?

काळा कोट
कलम ३१ अ आहे. लेखक हयात नाही किंवा अज्ञात आहे, मालकाचा पत्ता लागत नाही आणि कृती लोकांना मिळत नाही, अशा वेळी रीतसर अर्ज करून परवाना मागता येतो. आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, मग अर्ज. दोन ओळींसाठी एवढा व्याप कुणी करेल असं वाटत नाही. शोध घेतल्याचे कागद मात्र जपून ठेवा.

आणि कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो : अगदीच क्षुल्लक वापराकडे कायदा कानाडोळा करतो, हे तत्त्वही आहे. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते लावलं. टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात गायिकेने आपल्याच चित्रपटगीतांच्या काही ओळी म्हटल्या होत्या, ते प्रकरण. न्यायालयाने पाच निकष सांगितले, नुकसान किती, हेतू काय वगैरे. पण हा बचाव आहे. तो उपयोगी पडायला आधी कुणीतरी तुम्हाला कोर्टात खेचलेलं असावं लागतं.

खोडरबर
त्यापेक्षा जुन्या कवींकडे चला. मुदत संपली की रान मोकळं. साठ वर्षं ना?

काळा कोट
कवीच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं. आधी पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, १९९१ संपताना त्यांचे हक्क संपणार होते, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. त्याचा फायदा १९४१ मध्ये गेलेल्या सगळ्यांनाच झाला, आपले भा. रा. तांबेसुद्धा त्याच वर्षीचे. म्हणजे तांब्यांच्या कविता २००२ पासून मुक्त आहेत. त्यांना पुढे लागलेल्या चालींचा हिशेब मात्र त्या त्या संगीतकाराच्या मृत्यूपासून.

गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत थांबा. सुरेश भट २००३, म्हणजे २०६३ संपेपर्यंत.

पानपूरक
यात एक खाच आहे. लेखक गेल्यावर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, मृत्यूपासून नाही. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. त्या पुस्तकातून पहिल्यांदा उजेडात आलेल्या कवितांची मुदत २०११ ऐवजी २०१२ च्या अखेरीस संपली. इथे एकाच वर्षाचा फरक पडला. जिथे कुणाची वही पन्नास वर्षांनी ट्रंकेतून निघते तिथे हिशेब पार बदलतो.

उगाच
म्हणजे वारसांनी वही दाबून ठेवावी आणि नातवाच्या लग्नाच्या सुमारास काढावी. नोंद केली.

वाचनवेडी
परदेशात पुस्तक गेलं तर?

काळा कोट
तिथला कायदा. युरोपात आणि ब्रिटनमध्ये साधारण मृत्यूनंतर सत्तर वर्षं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून पंच्याण्णव. मालकी सांगणारा खरंच मालक आहे का हेही तपासावं. 'हॅपी बर्थडे'च्या शब्दांवर अमेरिकेत एक कंपनी कित्येक वर्षं पैसे घेत होती. २०१५ मध्ये न्यायालयाने ठरवलं की शब्दांवरचा तिचा दावा वैध नाही. पुढे १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली.

बेसूर
इतकी गंभीर चर्चा चाललीय आणि माझा प्रश्न फालतू आहे. ओळ चुकीची लिहिली तर परवानगी लागते का? म्हणजे पात्रानेच चुकीची ऐकलेली असेल तर? कारण मी आयुष्यात एकही गाणं बरोबर ऐकलेलं नाही. 'नयनी' ला मी बरीच वर्षं 'नाही' ऐकत होतो आणि त्यामुळे एका प्रेमगीताचा अर्थ पूर्ण उलटा घेऊन बसलो होतो. बायकोने साखरपुड्यात ते गाणं लावलं तेव्हा मला वाटलं ही लग्न मोडतेय.

अर्धविराम
बेसूर, खिक्!! या प्रकाराला इंग्रजीत 'माँडेग्रीन' असं नाव आहे. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ मध्ये ते रूढ केलं. लहानपणी आईने वाचून दाखवलेल्या एका पोवाडेवजा गीतात 'त्याला हिरवळीवर झोपवलं' (इंग्रजीत 'लेड हिम ऑन द ग्रीन') असं काहीतरी होतं, ते तिने 'आणि लेडी माँडेग्रीन' असं ऐकलं. एक बाई उगाचच मारली गेली म्हणून ती हळहळत राहिली. खरी ओळ कळल्यावरही तिला स्वतःचीच जास्त आवडत होती.

आपल्याकडे याला एक शब्द हवा. सुचवा.

खोडरबर
कानभूल.

उगाच
'कर्णदोष' आधीच घेतलाय, डॉक्टरांनी. 'श्रवणभक्ती'?

बेसूर
कानभूल आवडला. माझ्या नावे नोंदवा.

काळा कोट
शब्दावर आणि शीर्षकावर हक्क मिळत नाही, बेसूरराव. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या नावाबाबत हेच सांगितलं. निळी शाई, यात तुमच्यासाठी एक वाट आहे : गाण्याचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र आपल्याकडे गाण्याचं नाव म्हणजे बहुतेकदा त्याची पहिलीच ओळ, तेव्हा तिथे जरा तारतम्य.

चुकीच्या ओळीबद्दल : एखादा शब्द बदलला म्हणून ओळ तुमची होत नाही. भाषांतर केलं तरी नाही, भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच. शिवाय कलम ५७ मध्ये लेखकाचा नैतिक हक्क आहे, म्हणजे नाव लागण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागू न देण्याचा. तो हक्क विकल्यावरही लेखकाकडे राहतो.

कानभुलीवरून आठवलं. अमेरिकेचे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २००८ मध्ये एका भिन्नमतपत्रात गायक-गीतकार बॉब डिलनची ओळ उद्धृत केली आणि डिलन ध्वनिमुद्रणात जो नकार गातो तोच नेमका गाळला. न्यायालयाबाहेर त्याची खूप चर्चा झाली.

उगाच
त्यांनी परवानगी घेतली होती का ते आधी सांगा.

काळा कोट
न्यायालयाला काय विचारता! आपल्याकडेही न्यायालयीन कामासाठी वेगळी सूट आहे. तेव्हा फुकट ओळी हव्या असतील तर न्यायाधीश व्हा.

खोडरबर
गाडी रुळावर आणतो. निळी शाई, स्वतःच गाणं का लिहीत नाही? कादंबरीतली माणसं खोटी, घर खोटं, मग गाणं खरं कशाला? मी पटकन दोन ओळी देतो :

विझली ज्योत जरी ही
वात अजून उबदार

ध्रुवपद
खोडरबर, वाईट नाहीत. पण 'उबदार' शब्द चालीत बसवताना संगीतकार तुम्हाला शिव्या घालेल. शिवाय हे जुनं वाटत नाही. जुन्या गाण्यांत वात उबदार नसते, वात जळते.

मुद्रितशोधक
आणि या ओळी वापरायला आता खोडरबर यांची परवानगी लागेल. त्यांच्या पश्चात साठ वर्षं.

खोडरबर
मी उदार आहे. ५३५ पौंड.

निळी शाई
खोडरबर, आभार, पण रचलेलं गाणं इथे चालणार नाही. आई अडते तेव्हा वाचकाला पुढचा शब्द माहीत हवा, आणि रचलेल्या ओळीचा पुढचा शब्द फक्त मला माहीत असेल.

काल रात्री एक प्रयोग केला. ओळी काढून टाकल्या आणि प्रसंग असा लिहिला :

'आई दुसऱ्या ओळीपाशी आली. आवाज उंचावर नेला, जसा तिथे नेहमी नेते, आणि हातातली घडी घातलेली साडी पुन्हा उलगडली. शब्द आला नाही. तिने सूर तसाच धरून ठेवला, कुणीतरी जिना चढून येतंय आणि आपण दार धरून उभे आहोत तसा.'

वाचून नवरा म्हणाला, कुठलं गाणं? मी म्हटलं, हेच तर.

वाचनवेडी
अगं, हे सुरेख झालंय! ओळींची गरजच काय आता?

ध्रुवपद
हे माझ्या जातीच्या विरुद्ध बोलतोय, पण वाचनवेडींशी सहमत. 'सूर तसाच धरून ठेवला' हे ओळ छापली असती तर तुम्ही लिहिलं नसतंत. पुष्कळदा लेखक गाण्याच्या ओळीवर भार टाकून मोकळा होतो, प्रसंगात जे उभं करायचं ते त्या गाण्याने आधीच केलेलं असतं.

मुद्रितशोधक
मी असहमत. परिच्छेद चांगला आहे, पण वाचक आता बाहेरून बघतो. ओळ असेल तर तो स्वतः अडखळतो. फरक आहे. पत्र तरी पाठवा, नकार आला तर हा परिच्छेद आहेच.

पानपूरक
मुद्रितशोधक यांना +१. पत्र पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका. स्मरणपत्र टाका.

चौथा प्रयत्न
महिना झाला. निळी शाई, काय झालं पुढे? धागा वर काढतोय.

निळी शाई
आहे आहे, मुद्दाम थांबले होते.

पानपूरक यांच्या यादीप्रमाणे पत्र लिहिलं, पान जोडलं, ई-बुक आणि ऑडिओबुकसकट. संग्रहाच्या प्रकाशकांनी ते पुढे पाठवलं. सतरा दिवसांनी कवींच्या मुलीचं उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, स्कॅन करून. परवानगी दिलीय, मोबदला नको, दोन प्रती पाठवा म्हणतात. प्रसंग वाचल्याचं लिहिलंय, त्याबद्दलच्या चार ओळी इथे देत नाही, त्या माझ्याकडेच ठेवते.

पण एक अट आहे. 'दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द तुम्ही गायिकेने म्हटला तसा लिहिला आहे. बाबांच्या संग्रहात तो वेगळा आहे. ध्वनिमुद्रणात तो बदलल्याचं त्यांना शेवटपर्यंत खटकत होतं. तेव्हा छापताना बाबांचा शब्द असू द्यावा.'

संग्रह काढून बघितला. खरंच वेगळा आहे! पत्र लिहिताना ओळी संग्रहातून उतरवायच्या सोडून मी पाठ होत्या तशाच लिहिल्या. आणि आई अडते ती नेमकी त्याच शब्दावर.

आता पंचाईत अशी की आईने गाणं रेडिओवर ऐकलंय, संग्रह कधी उघडलेला नाही. ती बाबांचा शब्द म्हणूच शकत नाही. आणि वाचकाच्या तोंडी येणार तोही गायिकेचाच.

काळा कोट
परवानगी अटीसकट आली आहे. गायिकेचा शब्द छापलात तर परवानगी नाही असंच समजा.

बेसूर
म्हणजे गेली साठ वर्षं आख्खा महाराष्ट्र कानभूल गातोय? मला एकदम बरं वाटलं.

मुद्रितशोधक
आई अडते ना त्या शब्दावर? मग तो शब्द छापायचाच कशाला? दुसऱ्या ओळीचे पहिले दोन शब्द द्या आणि पुढे टिंबं. ज्याला जो माहीत आहे तो तिथे बसेल.

निळी शाई
मुद्रितशोधक!!! बाईंना आत्ताच लिहिते.

उगाच
टिंबं तीन की चार? आणि परवानगी कुणाची?